हिप्परवाडीचे सात ठिपके

गैरहजर मुलाच्या गुणांच्या रकान्यात शून्य भरायचं, ही अक्कल माझीच. कोणी सांगितलं नव्हतं. रकाना रिकामा ठेवला की आलेखाची रेष मध्येच तुटते आणि मालक लोक लगेच विचारतात, "मॅडम, हे बिघडलं का?" कोणाकोणाला समजावत बसायचं? त्यापेक्षा शून्य बरं, असं मला वाटलं.

मी नाजिया, नांदेडची. दवाखाने, दुकानं, क्लासेस यांना डॅशबोर्ड करून देते. म्हणजे एक्सेलमध्ये कुजत पडलेल्या आकड्यांची चित्रं करायची आणि ती एकमेकांत अशी गुंतवायची की एका ठिकाणी बोट लावलं की बाकीची सगळी बदलतात. लोकांना चित्रांपेक्षा ते बदलणंच जास्त आवडतं. २०१८ च्या ऑक्टोबरात लातूरच्या एका नीटच्या क्लासचं काम मिळालं. मालक रामलिंग सर, पंचावन्नच्या पुढचे, अजून स्वतः फिजिक्स शिकवणारे. अडीच हजार मुलं. हजेरी एका फाइलमध्ये, गुण दुसरीत, पत्ते तिसऱ्याच कोणाच्या पेनड्राइव्हमध्ये. दोन आठवडे तर मी नुसती गावांची नावं निस्तरत होते. एकच गाव पोरांनी पाच तऱ्हांनी लिहिलेलं.

शेवटी सरांच्या केबिनमधल्या मोठ्या टीव्हीवर सगळं लावून दाखवलं. मराठवाड्याचा नकाशा, प्रत्येक मूल म्हणजे एक ठिपका. शेवटच्या तीन चाचण्यांची सरासरी चांगली असेल तर हिरवा, बरी असेल तर पिवळा, नाहीतर लाल. नायगाव दाबलं की नायगावचीच मुलं, धर्माबाद दाबलं की धर्माबादची. सर खूश झाले. "लई भारी काम केलं तुम्ही," म्हणाले. मग मी सहज हिप्परवाडी दाबलं. सात ठिपके, सातही लाल.

"अख्खं गावच कच्चं दिसतंय," मी हसत म्हटलं.

"पुढचं दाखवा," सर म्हणाले.

जे लाल ते सोमवारपासून चौथ्या बॅचला, असं त्यांनी तिथंच ठरवलं. पहिल्या बॅचला सर स्वतः शिकवायचे. चौथीला कोण शिकवतं हे चौथीतल्या मुलांनाही नीट माहीत नसायचं.

सोमवारी मी याद्या तपासायला तिथंच होते. एक मुलगी केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. वर्षाराणी, हिप्परवाडीची. गेल्या वर्षी थोडक्यात हुकली होती आणि हे तिचं दुसरं, शेवटचं वर्ष होतं. तिसऱ्यांदा घरचे पाठवणार नव्हते.

"सर, माझं नाव चौथ्या बॅचला गेलंय."

"कॉम्प्युटरनं टाकलंय," सर म्हणाले.

कॉम्प्युटरनं नव्हे, मी टाकलं होतं. मी तिचा ठिपका उघडला. सातशेवीसपैकी सहाशेदहा, सहाशेबारा आणि शून्य. शून्याची तारीख तीस सप्टेंबर. बाकीच्या सहा ठिपक्यांचंही तेच निघालं. माझा मलाच राग आला.

"शून्य न्हाई पडलं सर. मी पेपरच दिला न्हाई. गावाकडं होते."

"आणि नीट त्या दिवशी असती तर?"

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, दर साली ह्या क्लासचा पेपर तीस सप्टेंबरलाच असतो. त्या दिवशी आमच्याकडं हजेरी असते."

कसली हजेरी, ते तिनंच सांगितलं. त्र्याण्णवच्या भूकंपात गेलेल्यांची नावं त्या सकाळी जुन्या गावाच्या जागेवर घरवार वाचतात. नाव आलं की त्या घरच्या कोणीतरी 'हाय' म्हणायचं. तिच्या वडिलांचं, हणमंतरावांचं, पहिलं कुटुंब तिथंच गाडलं गेलं होतं. बायको आणि दोन मुलं. वर्षाराणी त्यातल्या थोरल्या मुलीसाठी 'हाय' म्हणते. ही तिची बहीण, पण तिनं तिला कधी पाहिलेलं नाही.

"नियम सगळ्यांना सारखा," सर म्हणाले. आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

"सर," ती म्हणाली, "तुमच्या घरची नावं बी निघतात. पाच. कोणीच हाय म्हणत न्हाई, म्हणून तिथं पप्पाच हाय म्हणतात."

क्लासच्या प्रत्येक बोर्डावर सर 'लातूरचे' होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि हाताला काम हवं म्हणून त्या दिवसाचे सगळे शून्य काढून टाकले, कोणाला न विचारता. टीव्हीवर हिप्परवाडीचे सहा ठिपके हिरवे झाले. सातवा पिवळा झाला, तो मुलगा मुळातच पिवळा होता. वर्षाराणीचं नाव पहिल्या बॅचमध्ये परत आलं. सरांनी टीव्हीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पाच न्हाई," ते म्हणाले. "सहा."

"पप्पांकडच्या यादीत पाचच हायेत, सर."

"धाकटी लेक नऊ दिवसांची होती. मी इथं शिकवण्या घेत होतो, बारशाला जाणार होतो." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नावच न्हाई, तर यादीत कोण घालील?"

वर्षाराणीनं थोडा विचार केला. घरातल्याच एखाद्या कामाबद्दल विचारावं तसं तिनं विचारलं, "मग पप्पांना काय नाव लिहायला सांगू?"

"आता काही लिहू नका म्हणावं," सर म्हणाले. "नाव ठेवायला मी येतो."