कावळ्याला दिलेला शब्द

आमचे हे, म्हणजे दिनानाथ, जिवंतपणी कधी वाढलेल्या ताटाला नाही म्हणाले नाहीत. आणि गेल्यावर? चार वर्षं झाली, त्यांच्या पानाला कावळा नाही! रागावू नको तर काय करू?

करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. दवाखान्यातून परस्पर स्मशानात नेलं. दहावं नाही, पिंड नाही. पिंडाला कावळा शिवला की माणूस सुखानं गेला म्हणतात आमच्यात. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा राहिलीये. मग घरच्यांनी शब्द द्यायचा, तुझं हे करू, ते करू. बरोबर शब्द पडला की कावळा खाली उतरतो. मी दर पितृपक्षात गच्चीवर पान ठेवायची. मांजर खाऊन गेलं, खार खाऊन गेली, कावळा फिरकला नाही. मुलगा सिद्धेश आचोळ्याला फ्लॅटमध्ये राहतो. तो म्हणतो, "आई, एवढे टॉवर झाले, कावळे कमी झाले." कमी झाले म्हणे! कुंपणापलीकडं क्लेमेंटीन बोंबील सुकत घालते, तिथं रोज पंगत बसते त्यांची.

ही क्लेमेंटीन माझी जन्माची शेजारीण आणि जन्माची भांडखोर. तिचा मनवेल त्याच लाटेत गेला. तिलाही शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही.

यंदा आमच्या गास गावानं ठरवलं, लाटेत गेलेल्या सगळ्यांची आठवण एकत्र काढायची, तळ्याकाठी. दिवस धरला सर्वपित्रीचा. तो फादरांनीच सुचवला. म्हणाले, "ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचाही हा दिवस ना? मग आमच्याही माणसांना घ्या की त्यात." भटजी खूश, सोपाऱ्याचे मौलवी खूश. मला वाटलं होतं, रडारड होणार. कसलं काय! फादरांची प्रार्थना झाली, मौलवींनी दुवा मागितली, भटजींनी मंत्र म्हटले, आणि मग जो तो आपापल्या माणसाच्या खोड्या सांगायला लागला. मनवेल तळ्यात सायकलसकट पडला होता, ते क्लेमेंटीननं असं सांगितलं की मौलवींना ठसका लागला.

जेवणाच्या आधी मी तळ्याच्या पायरीवर ह्यांचं पान मांडलं. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, सगळं. समोरच्या नारळीवर एक कावळा होता. होता, आणि बसूनच राहिला.

सिद्धेश हात जोडून म्हणाला, "बाबा, केळीची वाडी विकणार नाही."

"म्हणजे विकणार होतास?" मी विचारलं. तो लाल झाला. कावळा ढिम्म.

सोपाऱ्याची रुकय्याबी भावाच्या नावानं फातिहासाठी शिरा घेऊन आली होती. ह्यांच्या हातच्या केळ्यांची जुनी गिऱ्हाईक. ती पुढं आली, "दिनाभाई, शिऱ्यात वेलची कमी असते बोलायचात ना? पुढच्या वेळी मूठभर टाकते, बस्स?" लोक हसले. कावळ्यानं पाठ फिरवली.

एवढ्यात क्लेमेंटीननं कुठून तरी भाजलेला बोंबील आणला आणि ठेवला की पानावर!

"अहो बाई, पितरांच्या पानावर मासळी?" भटजी ओरडले.

"पितर तुमच्यासाठी. माझा तो दिनाभाव. भोपळ्यासाठी कोन येतंय खाली?"

बोंबलालाही आला नाही. एव्हाना अन्न गार व्हायला लागलं होतं आणि पानाला कावळा शिवल्याशिवाय कुणी घास घेईना. भटजी उपाशी, फादर उपाशी, मौलवी उपाशी, सगळा गाव माना वर करून एका नारळीकडं बघतोय. मला लाज वाटली, मग राग आला, आणि मग रडूच फुटलं. शेवटच्या घटकेला मी जवळ नव्हते हो. त्यांचा जीव कशात अडकला होता ते मला कोण सांगणार?

"राहू दे," मी म्हटलं. "नको यायचं तर नको येऊ दे. जेवा सगळे." आणि पान उचलायला वाकले.

क्लेमेंटीननं मला दंडाला धरून बाजूला ओढलं. कमरेवर हात ठेवून नारळीखाली उभी राहिली आणि भांडणातला तो ठेवणीतला आवाज लावला.

"दिनाभाव, ऐक! तुझी जयवंती एकटी जेवते. ओट्याशी उभ्यानं, पातेल्यातूनच खाते. मी बघते ना रोज कुंपणावरून! उद्यापासून नाय जेवायची एकटी. मी ताट घेऊन येनार तिच्याकडं, रोज. शब्द देते. आता खायचं तर खा, मला भूक लागलीय!"

कावळा उतरला. सरळ पानावर आला, वडा उचलला आणि गेला.

गावानं असा काही गलका केला की तळ्यातली बदकं उडाली. भटजींनी टाळ्या वाजवल्या. फादर मौलवींना मिठी मारत होते. मी खाली बसले आणि हसत हसत रडले, पोटभर. क्लेमेंटीन मात्र फुरंगटली, "बोंबील तसाच ठेवला मेल्यानं!"

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर बाई रिकामं ताट घेऊन दारात उभी.

"अगं, कावळा शिवला, झालं," मी म्हटलं. "बोलण्याच्या भरात बोललीस तू. जा घरी."

"फादरला विचारलं मी. बोलले, आपल्यात कावळ्याचं काय नसतं, पन शब्द दिलास तर पाळायचा." आणि पाट ओढून बसलीसुद्धा. "बस तू पन. मनवेल गेल्यापासून मी तरी कुठं बसून जेवलीय?"

मी पातेल्यावरचं झाकण काढलं. भात एकटीपुरताच होता. तिला शिव्या घालत मी पुन्हा तांदूळ धुवायला घेतले, चार वर्षांनी पहिल्यांदा दोन माणसांचे.