नाव घेतल्याशिवाय

पिल्लू ज्या दिवशी उपाशी राही, त्या दिवशी हेमांगीच्या नव्या घराच्या भिंती वीतभर आत सरकत. चारही भिंती, अगदी सारख्या. हेमांगी ब्लाउज शिवायची, टेप कायम गळ्यात, त्यामुळे अंदाजाचा प्रश्न नव्हता. सोमवारी हॉल बारा फूट होता. मंगळवारी साडेदहा भरला.

कासवाचं ते पिल्लू बिस्किटाएवढं होतं. शिरीषच्या ऑफिसातल्या कुमुदची नागपूरला बदली झाली, तेव्हा जाताना तिने ते निळ्या टबासकट शिरीषच्या हवाली केलं. सोबत सुवाच्य अक्षरातला कागद होता. रोज दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवावं. पान नखाएवढं तोडावं. सारखं उचलू नये. शेवटची ओळ : घास देताना नाव घ्यावं, त्याशिवाय खात नाही.

यात हेमांगीला काही नवल वाटलं नाही. नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय तिलाही लग्नात कुणी जेवू दिलं नव्हतं. नाव घेतलं नव्हतं ते शिरीषने. लग्नात नाही, नव्या घराच्या उंबऱ्यावरही नाही. आपल्याला यमक जमत नाही, असं हसून सांगून तो दोन्ही वेळा सुटला होता.

तिने जास्वंदीचं पान तोडलं, पदर सारखा केला आणि म्हणाली,

“कोमट पाणी वाटीत, पान ठेवलं ताजं,
शिरीषचं नाव घेते, घर आहे माझं.”

पिल्लाने मान आत घेतली.

बुधवारी हॉल नऊ फुटांवर आला. शिवणयंत्र जिन्यात ठेवावं लागलं. समोरच्या निमकरकाकू डोकावून म्हणाल्या, बिल्डरने आधीच कमी दिलं होतं, त्यात तुमचं हे कासव. हेमांगीने काकडी देऊन पाहिली, राजगिऱ्याचा पाला देऊन पाहिला. प्रत्येक घासाला नवा उखाणा घेतला, सगळे शिरीषच्याच नावाचे. पिल्लू डोळे मिटून बसून राहिलं.

संध्याकाळी शिरीष आला, दारात जरा वाकला, हातपाय धुऊन टबापाशी बसला. त्याने पिल्लू तळहातावर घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाला,

“जास्वंदीच्या पानावर पहाटेचं दव,
कुमुदचं नाव घेतो, जेवतंय कासव.”

पिल्लाने पान पुरतं संपवलं. भिंती वीतभर मागे गेल्या. स्वयंपाकघरात ओट्यावरची बरणी खणखणली आणि स्थिर झाली.

हेमांगीने टेप गुंडाळला.

“यमक जमलं की.”

“ते आधीपासूनचं आहे. ती रजेवर गावाला गेली की मी जायचो त्याला घास घालायला.”

“ती घरात नसताना तिचं नाव घ्यायचास?”

शिरीषने दुसरं पान नखाएवढं तोडलं. “त्याला सवय झालीये गं. तूही घेऊन बघ. नावच तर आहे.”

तिने मनातल्या मनात घेऊन पाहिलं. पिल्लाने त्याच्या तळहातावरून मान वर केली आणि तिच्याकडे अशा ओळखीने पाहिलं, की तिने ते नाव थुंकीबरोबर गिळलं. मग तिने शांतपणे सांगून टाकलं, की या घरात ते नाव उच्चारायचं नाही. घर राहो न राहो.

गुरुवारी घराने दोन दिवसांची कसर एकदम काढली. स्वयंपाकघर मिटलं, ओट्यासकट, गॅसवरच्या भातासकट. शुक्रवारी कोपरे गोल झाले आणि छत मधोमध फुगीर होऊन खाली उतरलं. त्यावर सहा कोनांच्या रेषा उमटल्या. हेमांगीने मोजल्या, तेरा चौकटी होत्या. पिल्लाच्या पाठीवरही तेराच होत्या, पण तिला मुळीच हसू आलं नाही. शनिवारी सकाळी शिरीष जास्वंदीची पानं आणायला खाली गेला. परत आला तेव्हा दार त्याच्या गुडघ्याएवढं झालं होतं.

आत हेमांगी पाय पोटाशी घेऊन बसली होती. शेजारी पिल्लू. दोघींनी, म्हणजे तिने आणि त्या पिल्लाने, दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. पाठ छताला टेकली होती, आणि छत उबदार होतं.

शिरीष बाहेर फरशीवर पालथा झाला. त्याने दारातून हात आत घातला. बोटांत पान होतं, ओलं, नखाएवढं.

“ये ना बाहेर,” तो म्हणाला. “अजून निघता येईल.”

“नाव घे.”

“अगं, हा काय हट्ट.”

“उखाणा नको. यमक नको. नुसतं माझं नाव घे, मी पान खाते. भिंती जातील मागे.”

जिन्यातून निमकरकाकूंचा आवाज आला. “घ्या हो एकदाचं. लाजता काय?”

शिरीषने ओठ ओले केले. पान तिच्या ओठांसमोर येऊन थांबलं. हेमांगीने मान पुढे काढली. आपली मान इतकी लांब येते, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने त्याच्या ओठांवर नजर ठेवली. ते उघडू लागले होते, अजून एकही अक्षर बाहेर आलं नव्हतं.

तिच्या शेजारी पिल्लाने तोंड उघडलं.