रोवेनानं फोडलेली नाव

मी एक जुनी नाव आहे. पण मित्रांनो, माझी कीव करायची नाही! अलास्काच्या किनाऱ्यावर, त्लिंगित लोकांच्या गावात सेल्माआजीच्या नवऱ्यानं मला देवदाराच्या फळ्यांपासून घडवलं. काय माझा तोरा होता तेव्हा! मी मासे आणले, पाहुणे आणले. नको ते कामही करावं लागलं. काही गुन्हा केला म्हणून कोर्टानं शहरात बोलावलेली गावची पोरं खाडीच्या पाण्यावरच उतरणाऱ्या विमानापर्यंत मीच पोचवायची. त्यातली थोडीच परतली, आणि तीही परक्यासारखी. त्या विमानाचा मला अजून संताप येतो.

आजी थकली आणि मी वाळूत पडून राहिले. एके दिवशी आईशी भांडून गावातल्या पंधरा वर्षांच्या रोवेनानं मला कुणालाही न विचारता पाण्यात ढकललं आणि थेट खडकावर घातलं. माझा तळ फाटला. शहरातून कोर्टाचे साहेब आले. "पोरीला सुधारगृहात नेतो," म्हणाले.

"आधी आमची बैठक," आजी म्हणाली. "तीही नावेपाशीच. मार नावेला लागलाय."

सगळे माझ्याभोवती गोल बसले. गरुडाचं पीस ज्याच्या हाती, त्यानंच बोलायचं. पीस रोवेनाकडे आलं.

"तुझी नाव आधीच गळकी होती, आज्जे!"

सगळे हसले. गळकी? मी? अशी चिडले म्हणून सांगू! पण लगेच पोरीला रडू फुटलं. "चुकलं माझं. पण मला विमानात नका घालू."

मग तिचा मामा हार्लन उठला. आमच्यात पोरांना वळण मामानंच लावायचं. "चूक आमच्या अख्ख्या कुळाची. नाव आम्ही दुरुस्त करू, हिच्यासकट."

"गुन्हा एकटीचा आहे," साहेब मध्येच बोलले.

"पीस तुमच्याकडे नाही, साहेब!" आजीनं ठणकावलं.

पीस मिळाल्यावर साहेबांनी अट घातली. "बर्फ वितळला की येतो. नाव तरंगली नाही, तर पोरगी माझ्याबरोबर."

हिवाळाभर रोवेना फळ्या तासत होती. हात सोलून निघाले. मध्येच रंधा फेकून घरी जायची, मामा समजावून परत आणायचा. आजी माशाचा गरम रस्सा आणायची आणि जाताना चार चुका काढायची.

बर्फ वितळला, विमान उतरलं. साहेबांना आणायला वल्ही मारत रोवेनाच गेली. साहेब सारखे पायाखाली बघत होते. थेंब नाही आत!

मित्रांनो, मोडलेलं टाकूनच द्यायचं असतं, तर मी केव्हाच चुलीत गेले असते. चुकलेल्या पोरांना गावाबाहेर टाकू नका. ही विनवणी नाही, बजावतेय!

संध्याकाळी आम्ही दोघींनी साहेबांना विमानापर्यंत पोचवलं. एकट्यांना.