पासिंगचं चाक

"पास होते ना ही?" दुन्याने विचारले.

पेरिना चुलीवरच्या पातेल्यात पालेभाजी आणि बटाटे घोटत होती. तिने खिडकीतून पाहिले. अंगणात, अंजिराच्या झाडाखाली, तिच्या नवऱ्याची, फ्रानेची मोटरसायकल उभी होती. नाताळच्या आधी तो वारला, तेव्हापासून ती तिथेच होती आणि कोंबड्या तिच्या सीटवर बसत.

"दर वर्षी," पेरिना म्हणाली. "एकदाही नापास झाली नाही."

यात एक अक्षरही खोटे नव्हते. तरी बोलल्यावर ती पुन्हा बटाटे घोटू लागली, गरजेपेक्षा जोरात.

दुन्या बेटावरच्या दवाखान्यात नव्याने आलेली परिचारिका. मुलगी सपाट मुलखातली, दूर स्लावोनियाकडची. वरच्या वाडीत म्हातारी माणसे होती, त्यांना इंजेक्शने द्यायला ती रोज डोंगर चढून जायची, म्हणून फ्रानेची गाडी विकत घेणार होती. वरचा रस्ता म्हणजे समुद्राच्या कड्यावर टांगलेली नागमोडी वळणे.

"मला गाड्यांतलं काही कळत नाही, तेता," ती म्हणाली. बेटावरची सगळी तरुण माणसे पेरिनाला तेता, म्हणजे मावशी, म्हणत. "पासिंग झालेलं असलं म्हणजे झालं. मंगळवारी पासिंगवाले येतायत ना बोटीनं? झालं की माझ्या नावावर करू."

ती पायऱ्या उतरून गेली. पायांत दवाखान्यातले पांढरे कापडी बूट होते. तळवे कागदासारखे पातळ. पेरिना त्या बुटांकडे वळणापर्यंत बघत राहिली.

मग तिने दाराजवळचे कपाट उघडले. फ्रानेचे बूट अजून तिथेच होते. डावे सगळे काल दुकानातून आणल्यासारखे आणि उजव्यांचे तळवे घासून घासून भोक पडलेले. मोटरसायकल चालवणारा माणूस या बेटावर उजव्या बुटावरून ओळखावा. खाऱ्या वाऱ्याने पुढचे ब्रेक कधीच खाऊन टाकले होते. मागचे जेमतेम धरत, पण उतारावर सगळा भार पुढे येतो, तेव्हा त्यांचा काय उपयोग? मग पाय टेकवायचा आणि फरफटत थांबायचे.

पासिंगला मात्र गाड्या दर वर्षी पास. मासळीच्या कारखान्याने एके काळी सगळ्यांना एकाच जातीच्या मोटरसायकली दिल्या होत्या, त्यामुळे एकाचे चाक दुसऱ्याला बसे. फार पूर्वी एकदा निम्मी रांग नापास झाली, तेव्हा फ्रानेने स्प्लित शहरातून पुढचे एक कोरे चाक आणले, आतल्या ब्रेकसकट. वर्षभर ते त्याच्या मित्राच्या, बेपोच्या होड्यांच्या शेडमध्ये तेलकट फडक्यात गुंडाळून खिळ्याला टांगलेले असे. पासिंगच्या दिवशी खाली उतरायचे, शेडमागे या गाडीवरून त्या गाडीवर चढायचे आणि दुपारी परत खिळ्यावर. होड्यांना आशीर्वाद द्यायला आलेल्या पाद्रीबाबांनी एकदा त्याच्यावरही तीर्थ शिंपडले होते. बेटावरचा सगळ्यात चांगला ब्रेक, आणि तो कधी रस्त्यावर लागलाच नव्हता.

"एवढंसं बेट, पळून जाणार कुठं?" फ्राने म्हणायचा. आणि खरेच कुणाला काही झाले नाही, हेही सांगायला हवे. ज्याला त्याला आपला उतार ठाऊक होता, आपला बूट ठाऊक होता.

संध्याकाळी पेरिना नेमाप्रमाणे जपमाळ घेऊन बसली. फ्रानेसाठी रोज एक माळ, हे तिचे व्रत. पण प्रत्येक मण्यावर तो पांढरा बूट येऊन उभा राहू लागला. तिने देवाकडे कौल मागितला नाही. काय करायचे ते तिला दिसतच होते. तिने फक्त धीर मागितला, कारण पुढे बेपो उभा असणार होता. बेपो तिच्या लेकीचा धर्मपिता, म्हणून तिला 'कुमा' म्हणणारा. फ्रानेच्या शवपेटीला पहिला खांदा त्यानेच दिला होता.

मंगळवारी बोटीतून पासिंगची गाडी उतरली आणि धक्क्यावर तिच्यातले ब्रेक तपासायचे, फिरत्या रुळांचे यंत्र मांडले गेले. तपासनीस लादिस्लाव साहेब वर्षानुवर्षे तेच.

विधवेची गाडी पहिली, असे सगळ्यांनी मानाने ठरवले होते. बेपोने आधीच तिला चाक बसवले होते. तोच ती रुळांवर घेऊन गेला. ब्रेक कचकन लागला, काटा चढला.

"पास," साहेब म्हणाले.

बेपोने गाडी ढकलत शेडमागे आणली आणि पाना काढला. पेरिना पुढे झाली आणि तिने टायरवर तळवा ठेवला.

"राहू दे, बेपो."

"काय राहू दे?"

"चाक. ते आता हिच्यावरच राहील."

"कुमा, थट्टेची वेळ आहे का? पुढचा नंबर माझा."

"तुझ्याच चाकावर ने की."

"माझ्या चाकावर? त्यापेक्षा माझं गाढव लवकर थांबतं!"

"तेही थांबत नाही," रांगेतला झाने म्हणाला, पण कुणी हसले नाही. मग त्याचाही आवाज चढला. "फ्राने गेला आणि बाईंना हक्क आठवला! गावाचं चाक आहे ते."

"गावाचंच आहे," पेरिना हळू आवाजात म्हणाली. "गावासाठीच चाललंय. वरच्या वाडीत तुझ्या आईला सुई कोण टोचतं रे, झाने?"

इतक्यात दुन्या कोपऱ्यावरून आली. पायांत तेच पांढरे बूट.

"काय झालं, तेता? नापास झाली?"

बेपोने डोळ्यांनी खूण केली: नको. पेरिनाने ती पाहिली आणि मान वळवली.

"पास झाली, बाळ. पण हे चाक पास झालं. गाडीचं खरं चाक ते, भिंतीला टेकवलेलं. त्याला ब्रेक नाही. तू विचारलंस ते मी सांगितलं, पण तुला जे कळायला हवं होतं ते गिळलं. बेपोचा उजवा बूट बघ. आता तुझे बघ."

दुन्याने बेपोचा बूट पाहिला, मग आपले. तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे त्या कड्यावरून तुम्ही सगळे पायांनी थांबता?"

"सवय होते," झाने पुटपुटला.

"मला नको ती सवय!"

"नाहीच लागू देणार," पेरिना म्हणाली. तिचा हात टायरवरून हलला नव्हता.

रांग पुढे का सरकत नाही ते बघायला साहेब आले. माणसे सैरभैर झाली. कुणी टोपी काढली, कुणी भिंतीच्या चाकापुढे उभा राहिला. साहेबांनी वाकून गाडीच्या रिमवरचा निळ्या रंगाचा ठिपका बोटाने पुसल्यासारखा केला.

"ओळखतो मी याला," ते म्हणाले. "एका सकाळी इतक्यांदा भेट होते, नमस्कार करायचाच काय तो राहिलाय." मग पेरिनाकडे न बघता म्हणाले, "दर वर्षी परत जाताना बोटीत ठरवायचो, पुढच्या खेपेला बोलू. तुम्ही माझ्याआधी बोललात, बाई."

साहेबांनी भिंतीजवळच्या चाकाकडे बोट केले.

"तुमची चाकं काढा आणि माझ्या गाडीत टाका. पलीकडे शिबेनिकला एक जण ब्रेकचे नवे लायनर बसवून देतो. बोटीनं परत पाठवतो. तोवर पायीच चालायचं. बेपो, तुम्हीसुद्धा."

बेपोने पाना पेटीत असा टाकला की धक्क्यावरचे पक्षी उडाले. "फ्राने असता तर..." एवढेच म्हणून तो निघून गेला. पेरिनाला ते शब्द दिवसभर टोचत राहिले. फ्राने असता तर काय म्हणाला असता, हे तिलाही सांगता येत नव्हते. तिने त्याच्यासाठी माळ मात्र म्हटली, नेहमीपेक्षा सावकाश.

बेपो तिच्याशी बोलेना. देवळात मिस्साच्या प्रार्थनेला तो मुद्दाम पलीकडच्या बाकावर बसू लागला. चाके अजून आली नव्हती आणि सारे बेट पायी होते.

एका रविवारी पेरिना उतारावरच्या देवळीत फुले ठेवायला गेली होती. वरून गाडीचा आवाज आला. दुन्या उतरत होती, आणि मागे तिची पेटी मांडीवर घेऊन बेपो बसला होता. तोंड असे, जणू कुणी त्याला तुरुंगात नेत होते.

वळण आले. बेपोचा उजवा पाय सवयीने बाहेर निघाला, जमिनीकडे झेपावला.

गाडी थांबली. पाय अजून हवेतच होता.

बेपोने खाली पाहिले. मग हळूच पाय परत पायदानावर ठेवला.

"काय बघतेस, कुमा?" तो गुरगुरला.

"बूट," पेरिना म्हणाली. "नवा दिसतोय."

"नवाच आहे." तो थोडा थांबला. "काय करू? घासायची वेळच येत नाही."