चढावरचा जळका वास

बॉनेटखालून धूर निघाला आणि चढाच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या शे-दीडशे माणसांनी एकदम हात जोडले. जळक्या वासाने सकाळची हवा कडवट झाली होती. लोकांनी नाकाला रुमाल लावले. ड्रायव्हरच्या शेजारी बसलेले हुंगेबाबा मात्र डोळे मिटून, मान वर करून, अत्तराच्या दुकानात शिरल्यासारखे लांब लांब श्वास घेत होते. मग त्यांनी काच खाली केली आणि निकाल सांगितला.

"तो इथेच आहे. बायको त्याच्या जागेवर बसली, म्हणून त्याचा जीव जळतोय."

ती बायको स्टिअरिंगवर होती. त्या घरातली थोरली सून. घरी-दारी सगळे तिला थोरलीच म्हणतात. तिचा नवरा याच गाडीतून दवाखान्याच्या खेपा करायचा. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं, अशा आजाऱ्यांना घरून उचलायचा आणि परत आणून सोडायचा. सात महिन्यांपूर्वी चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन तो गेला. थोरलीने डोळे पुसले, गाडी शिकली, परवाना काढला आणि त्याच आजाऱ्यांच्या खेपा सुरू केल्या. तिला गाडी मी शिकवली. सव्वीस वर्षं मी हेच करते. माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे.

हुंगेबाबा हे नाव लोकांनीच दिलेलं, आणि त्यांना ते आवडायचं. "डोळा फसतो, कान फसतो, नाक फसत नाही," असं ते दर दोन वाक्यांनी म्हणत. कुणाच्या घरात कुणाचा आत्मा अडकलाय ते म्हणे उंबऱ्यावरूनच हुंगून सांगत. आत्म्यांना वेगवेगळे वास असतात, समाधानी आत्मा ओल्या मातीसारखा आणि नाराज आत्मा जळक्या रबरासारखा. आता जळक्या रबरासारखा वास आणखी कशाकशाला येतो, हे विचारणारा त्या गर्दीत कुणी नव्हता. मीही तोवर गप्पच होते.

मग बाबांनी पडताळा दाखवला. थोरलीला खाली उतरवलं, गाडी चढाच्या पायथ्याशी आणवली आणि तिच्या धाकट्या दिराला एकट्याला बसवलं. धाकटा भर्रकन चढ चढून वर गेला. ना धूर, ना वास. लोकांच्या तोंडून "अरे देवा" निघालं. तीच गाडी, तोच चढ; सून बसली की जळते, रक्ताचा भाऊ बसला की शांत. आणखी काय पुरावा हवा? बाबांनी धाकट्याला खूण केली आणि त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. गाडी त्याच्या नावावर करून देण्याचा. फक्त थोरलीची सही बाकी होती.

आता माझं सांगते, कारण या सगळ्यात माझाही वाटा होता. तीन आठवड्यांपूर्वी थोरलीचा मला फोन आला होता. म्हणाली, बाई, इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, आणि जळका वास येतो. मी पुढचं ऐकूनही घेतलं नाही. तुझा पाय क्लचवर टेकलेला राहत असणार, नवशिक्यांचा राहतोच, असं म्हणून मोकळी झाले. ती म्हणाली, नाही हो बाई, मी लक्ष ठेवते. मी म्हणाले, आणखी लक्ष ठेव. हाताखालून शेकडो माणसं शिकून गेली की समोरच्याला काय होतंय ते न ऐकताच आपल्याला कळतं, असं वाटायला लागतं. ती दुसरीकडे विचारणार तरी कुठे? त्याच आठवड्यात धाकट्याने हुंगेबाबांना घरी आणलं.

मग वास हा वास राहिला नाही. दोन आजाऱ्यांनी तिच्या गाडीत बसायचं सोडलं. आणि तिची सासू रोज दुपारी उभ्या गाडीत, मागच्या सीटवर जाऊन बसू लागली. काचा बंद करून. तिला सांगितलं होतं, तुझा मुलगा आत आहे. ती त्याच्याशी बोलायची, जेवलास का विचारायची, जळू नकोस रे म्हणायची. हे थोरलीने मला आदल्या दिवशी सांगितलं आणि म्हणाली, बाई, उद्या मी सही करून टाकते, आईंचं हे मला बघवत नाही. म्हणून मी तिथे गेले होते. तिला अडवायला नव्हे, नुसती सोबत म्हणून.

पण त्या चढावर मी जे पाहिलं, ते पाहून माझं डोकं फिरलं. धाकटा एकटा न थांबता गेला होता. थोरलीच्या गाडीत मात्र बाबा आणि त्यांचे चार धष्टपुष्ट भक्त. निघण्याआधी बाबांनी तिला सगळ्यांदेखत बजावलं होतं की निम्म्या चढावर थांबायचं, पण ब्रेकवर पाय ठेवायचा नाही, हँडब्रेक ओढायचा नाही. ब्रेक म्हणजे अडवणूक, अडवलंस तर तो चिडेल, गाडी नुसत्या श्रद्धेवर धर. चढावर गाडी श्रद्धेवर धरता येत नाही. ती धरता येते हाफ क्लचवर. क्लच अर्धा सोडायचा, ॲक्सिलरेटर दाबून ठेवायचा, मग गाडी मागेही जात नाही आणि पुढेही जात नाही. तेवढा वेळ आत क्लचप्लेट, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांकडे पोचवणारी चकती, घासत राहते. सहा माणसांचं ओझं आणि वर बाबांचा तीन मिनिटांचा जप. लोखंडाची असली तरी जळेल.

मी पुढे झाले आणि म्हणाले की सहीच्या आधी मला गाडी बघायची आहे. बाबा म्हणाले, बाहेरच्या माणसाचा हात लागला तर तो खवळेल. तेवढ्यात सासूच म्हणाली, "बघू दे तिला. हिनेच शिकवलंय सुनेला."

मी दार उघडून क्लचचं पेडल हाताने दाबलं. पेडल दाबताना आधी बोटभर नुसतंच खाली जायला हवं; त्या मोकळ्या जागेला मेकॅनिक प्ले म्हणतात. इथे प्ले औषधालाही नव्हता. म्हणजे कुणी पाय ठेवो न ठेवो, क्लच सारखा थोडा दाबलेलाच. प्लेट घट्ट पकडत नाही, घसरते. इंजिन ओरडतं आणि गाडी रेंगाळते. थोरलीने मला फोनवर अक्षरशः हेच सांगितलं होतं. बॉनेट उघडलं. क्लचची केबल जिथे ताणून नटाने बसवतात, तिथे सगळीकडे जुनी धूळ आणि तेलाचा थर, फक्त नटाच्या कडा चकचकीत. पाना लागून फार दिवस झाले नव्हते.

शेवटचं काम कुणी केलं, मी थोरलीला विचारलं. ती म्हणाली, भाऊजींनीच, महिन्याभरापूर्वी. तुला काय कळतंय, मी करून देतो म्हणाले. धाकटा म्हणाला की त्याने फक्त ऑइल बदललं. मग म्हणाला, पेडल सैल वाटलं म्हणून थोडं कसलं असेल. दोन वाक्यांत दोन उत्तरं. गर्दीतल्या काही माना त्याच्याकडे वळल्या.

मी माझ्या गाडीतला पाना आणला, नट सैल केला, पेडलला बोटभर प्ले दिला आणि प्लेट गार होईपर्यंत सगळ्यांना अर्धा तास थांबवलं. त्या अर्ध्या तासात बाबांनी जाहीर केलं की आत्मा आता दमून झोपलाय. कुणी हसलं नाही, पण हातही जोडले नाहीत.

मग थोरलीला बसवलं. तेच चार भक्त मागे-पुढे कोंबले आणि बाबा येईनात म्हणून त्यांच्या जागी सासू आपणहून जाऊन बसली. निम्म्या चढावर मी हात केला. थोरलीने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, पाय काढून घेतले. मी घड्याळ लावून तीन मिनिटं मोजली. मग तिने पहिला गिअर टाकला, क्लच सोडत आणला, गाडीने पकड घेतल्याबरोबर हँडब्रेक खाली केला. प्लेट बरीच झिजलेली होती, गाडी जरा कुरकुरली, पण चढली. वास नाही. धूर नाही.

आता धाकटा. तो म्हणाला, मला कामावर जायचंय. तेव्हा मागून एक म्हातारा फळविक्रेता म्हणाला, "बस की. तुझा तर सख्खा भाऊ आहे. तुझ्यावर तो कशाला चिडेल?"

सगळ्यांसमोर त्याला बसावं लागलं. गाडीत तेच भक्त, तीच सासू. निम्म्या चढावर मी बाबांचेच शब्द त्याला ऐकवले: ब्रेक नाही, हँडब्रेक नाही, धर श्रद्धेवर. दीड मिनिटात बॉनेटखालून धूर आला. तोच वास.  मला जिंकल्याचा आनंद वगैरे झाला नाही, कारण पुढचं दार उघडून सासू उतरत होती.

ती माझ्याकडे आली. "म्हणजे माझा मुलगा या गाडीत नाही?"

खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हणाले, "नाही, आई. ही क्लचप्लेट आहे."

तिने एकदा धुराकडे पाहिलं. मग वळून हुंगेबाबांसमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही, पण शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेला.

"तापात माझ्या मांडीवर गेला तो. शांत गेला. त्याला काही दुखत नव्हतं, एवढंच मला पुरत होतं. तू येऊन सांगितलंस तो जळतोय. तीन आठवडे मी त्याला जळताना बघितलं रे. तुला आई नव्हती का?"

बाबा श्रद्धेबद्दल काहीतरी पुटपुटले. कुणी ऐकून घेतलं नाही. म्हातारीने धाकट्याकडे न बघता हात पुढे केला. त्याने किल्ली दिली, ती तिने थोरलीच्या हातात ठेवली. कागद धाकट्याच्याच हातात राहिला.

प्लेट बदलावी लागली. दोन आजाऱ्यांपैकी एक परत आला. दुसऱ्याला अजूनही वास येतो म्हणे, बंद गाडीतूनसुद्धा. धाकटा सांगत फिरतो की चूक झाली, मुद्दाम नाही केलं. हुंगेबाबा दुसऱ्या वस्तीत घरं हुंगतात, तिथेही गर्दी असते. थोरलीची मी माफी मागितली. ती म्हणाली, बाई, तुम्ही निदान नंतर तरी बॉनेट उघडलंत.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगायचंय. त्या दिवशी नाक खोटं बोललं नव्हतं, वास खराच होता. खोटं बोलला तो नाकाचा मालक. वास आला, धूर आला, आवाज आला, तर आधी विचारा, कशातून येतोय. ज्याला कळतं त्याला विचारा, आणि त्याने माझ्यासारखं नीट न ऐकताच उत्तर दिलं तर त्यालाही पुन्हा विचारा. जो माणूस झाकण उघडू देत नाही, ब्रेक लावू देत नाही, प्रश्न विचारू देत नाही आणि शेवटी सहीसाठी कागद पुढे करतो, त्याच्यापुढे हात जोडू नका. हात मोकळे ठेवा, झाकण उघडायला ते लागतील.