वाटीवरचं नाव

रविवारी अनुष्काचं उष्टावण होतं आणि चांदीची वाटी घरात नव्हती. पाच वर्षांपूर्वी नीरजनं पहिली खीर त्याच वाटीतून चाखली होती. श्रावणात माझी मैत्रीण विनीता ती आपल्या मुलाच्या उष्टावणाला घेऊन गेली. "उद्याच आणून देते," म्हणाली होती. आता दिवाळीही उरकली. फोन केला की कधी ती बाहेर असते, कधी घाईत. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही.

नवरा म्हणाला, दुसरी आणू. पण भाऊ एका वाटीतून जेवला आणि बहीण दुसरीतून, हे मला पटेना. शिवाय डोक्यात एक किडा शिरला होता: मैत्रीत, नुसत्या तोंडी शब्दावर दिलेल्या वस्तूबद्दल कायदा काय म्हणत असेल?

खालच्या मजल्यावर नाना राहतात. चाळीस वर्षं कोर्टात वकिली केलेली. पोरीला कडेवर घेऊन त्यांच्याकडे गेले. बऱ्याच दिवसांनी पक्षकार आला म्हणून ते खूश.

त्यांनी सांगितलं, कागद नसला तरी करार हा करारच. फुकट वापरायला दिलेली वस्तू केव्हाही परत मागता येते. आधी नोटीस, मग दिवाणी दावा. पोलीस मात्र तिनं बेईमानीनं दाबून ठेवली असेल तरच. नुसता उशीर म्हणजे गुन्हा नव्हे. मी विचारलं, आणि तिनं ती पुढे तिसऱ्यालाच दिली असेल तर? कारण विनीताच्या स्टेटसला, गौतमपुऱ्याच्या तिच्या नणंदेच्या बाळापुढे, मी ती वाटी पाहिली होती. काठावरच्या पोच्यावरून ओळखली.

"मग तर केस एकदम पक्की," नाना म्हणाले. "न विचारता पुढे द्यायचा तिला हक्कच नाही. चल, लिही नोटीस. वाटीवर नाव काय कोरलंय?"

अक्षरं आहेत एवढं माहीत होतं. सासूबाईंचं नाव असेल, असं मी धरून चालले होते. मोबाईलमधला नीरजचा फोटो मोठा केला. ठिपक्याठिपक्यांनी लिहिलं होतं, 'कु. सुमेधा बाबूराव'.

सुमेधाताई माझ्या मोठ्या जाऊबाई. बाबूराव त्यांचे वडील. म्हणजे वाटी त्यांच्या माहेरची, त्यांच्या लहानपणची. नीरजच्या वेळी त्यांनीच ती कार्यापुरती आणून दिली असणार, आणि मी घरचीच समजून कपाटात ठेवून दिली.

नानांनी चष्मा काढला. "विनीताकडून तू मागू शकतेस. तुझ्याच हातून नेलीय ना. पण बेटा, जाऊबाईपण तुझ्याकडून मागू शकतात. आणि न विचारता पुढे तर तू पण दिलीस."

नोटीस अर्धीच राहिली. वर येऊन सुमेधाताईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मागायची कशी, म्हणून राहून गेलं," त्या म्हणाल्या. "वाटायचं, तुला आपणहून आठवेल."

रविवारी वापरू का, असं भीत भीत विचारलं, तर म्हणाल्या, आधी आण तर.

मग विनीताला लिहिलं: वाटी माझी नाहीच. जावेला न विचारता मी तुला दिली, चूक माझी. आता तिची तिला द्यायचीय. पाच मिनिटांत तिचा फोन. नणंदेच्या सासूनं वाटी देवघरात नेऊन ठेवली होती, आणि न विचारता दिली हे मला सांगायची विनीताला लाज. शनिवारी ती स्वतः बसनं गौतमपुऱ्याला जाऊन घेऊन आली.

"सुन ना, तुझ्या त्या नानांना विचार," दारातच म्हणाली, "आपण दोघी एकाच कलमात बसतो का?"

रविवारी वाटी आधी सुमेधाताईंच्या हातात दिली. त्यांनी नावावरून अंगठा फिरवला आणि स्वतःच तिच्यात खीर वाढली. अनुष्कानं पहिला घास थुंकला, दुसरा गिळला.

पंगत उठल्यावर मी वाटी घासली, पुसली. रिकामी परत देऊ नये म्हणून तिच्यात साखर भरली आणि त्यांच्यापुढे धरली.