घोटभर पाण्याची विचारसभा

त्या बेकरीत थोरले बंधू बोलू लागले की इतरांच्या माना आपोआप हलू लागत. धाकट्याला हेच सलत असे. मनुष्याने प्रथम स्वतःच्या बुद्धीने विचार करावा, मगच दुसऱ्याच्या मतास मान द्यावा, अशी त्याची दृढ श्रद्धा होती. तदर्थ त्याने सकाळच्या चहासोबत ‘विचारसभा’ भरविण्याचा उपक्रम आरंभिला. परंतु सभेतही थोरलेच बोलत आणि माना पूर्ववत हलत.

अशातच भट्टीच्या डाव्या बाजूचे पाव बसू लागले, चपटे निघू लागले.

“भट्टी म्हातारी झाली. उद्या पाडून टाकू,” थोरल्यांनी निकाल दिला. माना हलल्या. गवंडीही ठरला. ती भट्टी वडिलांनी स्वहस्ते बांधली होती. धाकटा पुढे सरसावला.

“दादा, आजचा दिवस दे. पण आज आधी आम्ही बोलणार. तू सगळ्यांत शेवटी, आजचे पाव भाजून निघाल्यावर.”

“मी गप्प बसू? त्यापेक्षा भट्टीत जाऊन बसतो!”

“तोंडात घोटभर पाणी धर. जमेल.”

पीठ मळणारी आत्या खुदकन हसली. “अरे, नळ बंद करायला पाणी?”

थोरल्यांनी मात्र बाणेदारपणे घोट घेतला आणि गाल फुगविले.

“मला वाटतं, खमीर वाईट आहे,” धाकटा ठामपणे म्हणाला.

आत्या जरा घुटमळली. “खरं सांगू? डावीकडचे ट्रे नेहमी शेवटी आत जातात. आज शेवटचे उजवीकडे लावू. तरीही डावीकडचेच बसले, तर दोष भट्टीचा.”

“मग इतके दिवस मान का हलवत होतीस?”

“सगळ्यांची हलत होती. एकटीनं थांबवली असती तर आखडली असती!”

ट्रे भराभर आत गेले. यथावकाश दार उघडले, आणि सर्वजण चकित झाले. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, एकही पाव बसला नव्हता!

“खमीर तर कालचंच आहे. म्हणजे मी चुकलो,” धाकट्याने प्रांजळपणे कबूल केले. “पण मग आज वेगळं काय झालं?”

आत्याची दृष्टी थोरल्यांच्या फुगलेल्या गालांवर स्थिरावली. धाकट्याचीही तिकडेच वळली. एरवी ट्रे लावताना थोरले एखादा किस्सा सुरू करीत. ऐकणाऱ्यांचे हात थबकत, शेवटचे ट्रे बाहेर ताटकळत, आणि त्यांतले पीठ प्रमाणाबाहेर फुगून भट्टीत गेल्यावर बसे.

“दादा,” धाकटा चाचरत म्हणाला, “बहुतेक तुझ्या गोष्टींनी पाव बसतात.”

थोरल्यांच्या मुखातून कारंजे उडाले ते थेट धाकट्याच्या सदऱ्यावर.

“माझ्या? साफ खोटं! लावा दुसरी खेप. मी मामाच्या लग्नाची गंमत सांगतो, बघूच!”

गंमत ऐन रंगात आली. हात थांबले. शेवटी लावलेले उजवीकडचे पाव सपशेल बसले.

थोरल्यांनी एक चपटा पाव उचलून उलटसुलट न्याहाळला आणि ते पोट धरधरून हसू लागले.

“गवंड्याला सांगा, भट्टी राहू दे. माझ्या तोंडाला दार बसवता येतं का, ते विचारा! यापुढे गोष्ट भट्टीचं दार लागल्यावरच.”

विवेकबुद्धीच्या या विजयाप्रीत्यर्थ धाकट्याने तत्काळ भाषण आरंभिले. तिसऱ्या खेपेचे ट्रे बाहेरच होते.

आत्याने मुकाट्याने पाण्याचा पेला त्याच्यापुढे केला.